दुसरा दयाळ

"दयाळच का?" सुहास पेंडशांना हसूच फुटलं. "भिकोबा, सहाशे जातींचे पक्षी ओळखतो मी. दयाळ तर आमच्या परसातल्या शेवग्यावर बसतो!"

"मगे दाखव."

खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर भिकोबा एकटेच राहत. एकेकाळचे नाखवा, आता दिवसभर बसून पाखरं बघणारे. त्यांच्याकडे चार महिने शिकायला मिळावं म्हणून पेंडसे बिनपगारी रजा टाकून आले होते. अट एवढीच, की बेटावरचा दयाळ दाखवायचा, नाहीतर संध्याकाळच्या होडीनं परत जायचं.

तास उलटला. एकही शीळ ऐकू आली नाही.

"गप बसान बघ. दिसतलो."

पण पेंडशांना कुठला धीर! त्यांनी मोबाइल काढला, दयाळाची ध्वनिमुद्रित शीळ लावली आणि फोन खडकावर ठेवून दिला.

भिकोबा ताडकन उठले. "बंद कर ता!"

म्हातारा हरायला भ्याला, असं वाटून पेंडसे गालातल्या गालात हसले.

तेवढ्यात समोरच्या थोटक्या माडाच्या ढोलीपासून तो सुटला. काळाभोर, पोट पांढरं, शेपटी ताठ. फोनपाशी उतरला आणि छाती फुगवून गाऊ लागला. आपल्या हद्दीत घुसलेला परका नर शोधत होता बिचारा.

"दयाळ! नर!" पेंडसे ओरडले. "पाहिलात ना?"

भिकोबा माडाकडे धावत होते.

ढोलीच्या तोंडाशी कावळा बसला होता. चोचीत काहीतरी गुलाबी, वळवळणारं...

मागोमाग दुसरा कावळा उतरला.

पेंडसे धडपडत उठले. "पिल्लं? तिथं पिल्लं होती? मला... मला ठाऊकच नव्हतं हो!"

भिकोबा पोचले तेव्हा ढोली रिकामी होती.

पेंडशांनी फोन बंद केला. दयाळ जरा वरच्या दगडावर उडाला, पण गेला नाही. मान इकडेतिकडे वळवत, जिवाच्या आकांतानं गातच राहिला. माडाकडे त्याची पाठ होती.

"भिकोबा, मी आता काय करू? काहीतरी सांगा ना..."

...

भिकोबा सावकाश परत आले. पेंडशांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्यांना दयाळाकडे वळवलं.

"तेका सांग. हय दुसरो कोणच नव्हतो म्हणान."