हसण्याचा निसर्गनियम

वर्तकसरांच्या नीतिशास्त्राच्या तासाला हसायला बंदी होती आणि मेघना थिटेला नेमकं तिथेच हसू फुटायचं.

त्या दिवशी सर निसर्गनियमाचा सिद्धान्त शिकवत होते. निसर्गाने जे फक्त माणसालाच दिलंय, ते फुलवणं म्हणजे नीती, असं त्यांनी सांगितलं. मग टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "विवेकापुढे देहाचं काही चालत नाही!" आणि त्यांना सणसणीत उचकी लागली.

मेघनाने ओढणी तोंडात कोंबली, तरी हसू बाहेर आलंच.

"उभी राहा!" सर गरजले. "तोंड निसर्गाने दिलंय खायला आणि बोलायला. हसणं निसर्गनियमात बसतं हे आत्ता सिद्ध कर, नाहीतर तोंडी परीक्षेला बसू देणार नाही."

वर्ष वाया जाणार म्हणून मेघनाच्या पोटात गोळा आला. पण त्या गोळ्यालाही गुदगुल्या होत होत्या.

"सर, खाते तर म्हैससुद्धा. बोलतो तर पोपटसुद्धा. खळखळून हसतो तो फक्त माणूस. मग तुमच्याच सिद्धान्ताप्रमाणे न हसणं ही अनीती झाली."

सर तिच्याकडे रोखून बघत राहिले.

"या वर्गात मी आजवर एकदाही हसलेलो नाही. मग मी कोण?"

मेघनाने अदबीने मान खाली घातली. "सर, तो प्रश्न मी ऑप्शनला टाकलाय."

सगळा वर्ग खदखदला. सरांच्या मिशा थरथरल्या, खांदे हलायला लागले आणि शेवटी चष्मा काढून डोळे पुसत ते कसेबसे म्हणाले, "बस खाली. झाली तुझी तोंडी परीक्षा."