घुबडआळीचा थाट

फार फार वर्षांपूर्वी, माझे खापरपणजोबाही रांगत नव्हते तेव्हाची ही गोष्ट. एका राजाने रानात नवं गाव वसवलं. त्याची अट एकच होती. "रानात राहायला जा. रानाला घराबाहेर काढू नका."

म्हणून प्रत्येक आळीला तिथल्या जुन्या रहिवाशाचं नाव मिळालं. मोरआळी, चंदनआळी, हरिणआळी. चांगल्या नावांवर लोकांच्या उड्या पडल्या. उशिरा पोचलेल्यांच्या वाट्याला उरली घुबडआळी. तिच्या मधोमध एक जुना बेहडा आणि त्याच्या ढोलीत एक घुबड. ते मान अशी गर्रकन फिरवायचं, की कुणाच्या ताकात किती लोणी आहे तेही त्याला दिसायचं. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

त्या आळीत एक कोष्टीण हातमागावर लुगडी विणायची. तिच्या लेकीची सोयरीक मोरआळीत जुळत आली होती. मुलगा-मुलगी राजी होते. पण मुलाची आई, मोरआळीची पाटलीण, दारात येऊन फणकारली, "घुबडआळीची सून आणली तर लोक मला काय म्हणतील? आधी ते झाड पाडा, घुबड हाकला. मग साखरपुडा!"

शेजारी कुजबुजले, "पाडू या की. एका झाडापायी पोरीचं लग्न मोडायचं?"

लेक म्हणाली, "आई, ते उंदीर खातं म्हणून आपलं सूत शाबूत आहे. आणि आपल्या आधीपासून राहतंय ते. माझा संसार थाटायला त्याचं घर मोडायचं?"

"ऐकलंत?" कोष्टीण ताठ मानेने म्हणाली. "झाड राहील."

पाटलीण पदर झटकून निघून गेली. लेकीचे डोळे भरले, पण माग काही थांबला नाही.

पुढे एकदा राजा गाव बघायला आला. मोरआळीच्या वेशीवर म्हणाला, "मोर दाखवा."

पाटलीण पुढे झाली. "महाराज, मोर फरशी घाण करायचे, म्हणून झुडपं काढली. पण कमानीवर कोरलाय बघा, सोनेरी पिसांचा!"

"त्याला नाचायला सांगा," राजा म्हणाला.

कमानीवरचा मोर काही हलला नाही.

चंदनआळीत नुसते खुंट उरले होते, हरिणआळीत कुंपणं. दिवेलागणीला राजा घुबडआळीत पोचला. "घुबड आहे का?"

ढोलीतून आवाज आला, "आहे की, बापजाद्यांपासून! आपण कोण?"

राजा इतका हसला, की मुकुट सावरावा लागला. मग त्याने दवंडी पिटवली. मोरआळी झाली फरशीआळी, चंदनआळी झाली खुंटआळी, हरिणआळी झाली कुंपणआळी. घुबडआळी मात्र घुबडआळीच राहिली. तिथली म्हातारीकोतारीसुद्धा "आम्ही घुबडं!" म्हणत छाती काढून चालू लागली.

पाटलीण परत आली, या खेपेला हळूच. "विहीणबाई, आमच्या फरशीआळीत लेक द्याल का हो?"

कोष्टिणीने लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "येईन. पण मोर आधी, मी नंतर."

त्याच दिवशी मुलाने अंगणातली फरशी उखडली आणि झुडपं लावली. लग्न उशिरा लागलं, पण वरातीपुढे मोर नाचला. खोटं वाटत असेल तर घुबडाला विचारा.

तात्पर्य: ज्याच्या नावावर मिरवायचं, त्याच्यासाठी आधी जागा राखावी.