पाण्याचा नमुना

एका गावात उकंडा नावाचा एक भोळा शिपाई होता. ग्रामपंचायतीचा. गावात शहाणे पुष्कळ होते, पण त्यांना पानठेल्यावर बसायचं असे. म्हणून हातपंपाचं काम उकंडाकडे.

पंपाचं पाणी चवीला गोड. पिणाऱ्यांचे दात तेवढे पिवळे आणि पाय वाकडे. गयाबाईची सहा वर्षांची नात फेंगडी चालू लागली, तेव्हा म्हातारीनं तालुक्याला दहा खेटे घातले. मग कुठे साहेब आले. म्हणाले, "नमुना खराब निघाला की पंप बंद, दुसरं पाणी सुरू. उकंडा, बाटली स्वच्छ करून आण."

उकंडानं बाटली राखेनं घासली, उन्हात वाळवली आणि आणून दिली. रिकामी.

"पाणी कुठे?"

"पाणी खराब हाये ना साहेब. भरलं असतं तर बाटली घाण झाली असती."

साहेबांनी कपाळ बडवलं. "अरे, आधी भरपूर पाणी वाहू द्यायचं, मग बाटली भरायची!"

उकंडानं पंपावर तसंच केलं. इथवर ठीक. मग साहेबांना तुलनेला चांगलं पाणी हवं झालं. गयाबाईनं नातीसाठी दोन कोसांवरच्या विहिरीतून घागर आणली होती. उकंडानं ती आडवी केली, भरपूर पाणी वाहू दिलं आणि तळाचं बाटलीत भरलं.

"मुडद्या, पोरगी आता काय पिईल? तुझं डोस्कं?"

"मावशे, नमुना बाकी झकास भरला!"

साहेब ओरडले, "दोन्ही बाटल्या सारख्याच! कोणती कोणाची कळणार कसं? नाव टाक!"

उकंडानं नाव टाकलं. पंपाच्या बाटलीवर स्वतःचं, कारण पंप त्याच्याकडे. दुसरीवर गयाबाईचं, कारण घागर तिची.

महिन्यानं अहवाल आला. 'उकंडा : पिण्यास अयोग्य. गयाबाई : पिण्यास योग्य.' खाली हुकूम : 'अयोग्य असेल त्यास लाल रंग द्यावा.'

उकंडा हुकमाचा पक्का. डोक्यापासून पायापर्यंत लाल ऑइलपेंट फासून पंचायतीपुढे उभा राहिला.

साहेब पाहणीला आले. कागद पाहिला, उकंडा पाहिला. जुळलं. सही केली.

गयाबाई म्हणाली, "साहेब, अन् पंप?"

"पंपाचं नाव कुठंय यात?"

"मग माझ्या नातीनं पाणी कोणतं प्यायचं?"

साहेबांनी अहवाल पुन्हा नीट वाचला आणि शेरा मारला : 'उकंडा बंद. आजपासून गावास गयाबाईतून पाणीपुरवठा करावा.'