दादबाने सोडलेला दोर

एका माणसाच्या पोटरीत एक अरुंद गल्ली होती. गल्ली कसली, बारीकशी रक्तवाहिनीच ती. तिच्या आतल्या अंगाला पेशींची घरं खांद्याला खांदा लावून बसली होती आणि समोरून सतत रक्त वाहत असे. प्रत्येक घराच्या पाठीमागे एक जाळी होती आणि त्या जाळीला घर टेकलेलं होतं. जाळी धड तर घर धड. जाळी फाटली की घर सरळ प्रवाहात.

ही जाळी आयती मिळत नसे. घरोघरी दोर वळायचे, मागच्या दाराने बाहेर द्यायचे आणि बाहेरच्या विणकऱ्याने ते जाळीत बांधायचे, असा रिवाज होता. पुस्तकं वाचणारी माणसं या दोराला कोलॅजन म्हणतात. गल्लीत त्याला नुसता दोर म्हणत.

दोर वळायची रीत मोठी काटेकोर. पेड तीन, कमी नाही की जास्त नाही. प्रत्येक पेड मण्यांच्या माळेसारखा, त्यातला दर तिसरा मणी बारीक, म्हणजे तिन्ही पेड एकमेकांत घट्ट बसतात. पेड सुटे असतानाच ठरावीक मण्यांवर लोखंडी आकडीने टाके घालायचे. टाक्यांवाचून पीळ टिकत नाही, अंगाच्या उबेनेच उकलतो. पण आकडी मोठी नाजूक. थोडे टाके घातले की तिला गंज चढायचा. मग ती आंबट रसात बुडवायची, की पुन्हा लख्ख. हा रस रक्ताबरोबर वाहत यायचा. ज्याची ही पोटरी, त्या मालकाने आवळा, लिंबू, पेरू असं काही खाल्लं तरच यायचा.

या गल्लीत हौसाबाईचं घर होतं. दोर ती वळायची. मागच्या दाराशी तिचा दीर दादबा बसायचा. त्याला काम एकच: आलेला दोर ताणून बघायचा. घट्ट असेल तर बाहेर सोडायचा, सैल असेल तर मोडायला परत पाठवायचा. दुसरं काही त्याला येतही नव्हतं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. बाहेरचा विणकरी दादबावर डोळे मिटून भरवसा ठेवी. नवा दोर हाती आला की तो जुना झिजलेला दोर कापी आणि त्याच्या जागी नवा बांधी. हाती आला नाही, तर जुन्याला हात लावत नसे.

शेजारी ठकूबाई राहायची. तिचं दोर वळायचं वय केव्हाच सरलं होतं. ती पाठ टेकायची ती हौसाबाईच्या दोरांवरच. दादबा तिला मावशी म्हणे.

पुढे मालकाची बायको वारली. त्याचं जेवणावरचं मनच उडालं. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-टोस्ट, दिवेलागणीलाही तेच. पहिला महिना तसाच गेला, दुसराही गेला. रस आटत आटत तिसऱ्या महिन्यात पुरता थांबला.

हौसाबाईच्या आकडीला गंज चढला तो उतरेना. ती तरीही वळतच राहिली. हात रिकामे ठेवायची तिला सवयच नव्हती. कित्येक सैल दोर दादबाने परत पाठवले. मग आणखी एक दाराशी आला. दादबाने ताणला आणि त्याच्या हातातच पेड सैल पडले.

"वहिनी, यालाही टाके नाहीत. हा उकलणार."

"कळतंय हो मला, भावजी. पण परत आलेल्या दोरांनी घर भरलंय, पाय ठेवायला जागा नाही. आजचा एवढा एकच सोडा. उद्या रस येईलच."

दादबा दोर हातात धरून उभा राहिला. दोर कच्चा होता, यात शंका नव्हती. पण वहिनीने इतकी वर्षं त्याला आपल्या घरात सांभाळलं होतं, कधी वर आवाज केला नव्हता. तिला तोंडावर नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने दोर सोडला. विणकऱ्याने जुना कापला आणि तो बांधला.

दुसऱ्या दिवशी रस आला नाही. दोर मात्र आला. काल सोडला, आज कोणत्या तोंडाने अडवायचा, असं दादबाला वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने ताणून बघितलंच नाही. आठवडाभरात तो नुसतं बोट लावून "बरं आहे" म्हणायला लागला. वहिनी खूश होती. घर मोकळं झालं होतं.

एके दिवशी ठकूबाईने भिंतीपलीकडून हाक मारली. "अरे दादबा, पाठीला आधार लागत नाहीये रे मला. जाळी ठीक आहे ना? बघ बाबा जरा."

दादबाच्या मनात आलं, खरं सांगावं तर वहिनीचं नाव येणार, आणि आपलंही.

"नवी आहे ना मावशी, म्हणून सैल वाटतेय. बसेल हळूहळू."

"तू म्हणतोस तर असेल," म्हातारी म्हणाली आणि निर्धास्तपणे पाठ टेकून बसली.

दोन दिवसांनी मालक कसल्याशा कामाला निघाला आणि दोन जिने चढून गेला. पोटरीत रक्ताला जोर आला. जाळीचे पेड एकेक करून उकलले. ठकूबाईचं घर भिंतीतून निसटलं आणि लाल पाण्यात दिसेनासं झालं. ती ओरडली असेल, पण त्या लोंढ्यात कुणाला ऐकू आलं नाही. मोकळ्या जागेतून रक्त मागे झिरपलं आणि मालकाच्या पोटरीवर जांभळा डाग उमटला.

मग त्याच्या हिरड्यांतूनही रक्त यायला लागलं, तेव्हा कुठे तो डॉक्टरकडे गेला. ताटात लिंबाची फोड आली, आवळा आला. रस पुन्हा वाहू लागला. आकडी लख्ख झाली, दोर घट्ट निघू लागले. आजूबाजूच्या घरांनी अंग ताणून ठकूबाईची जागा भरून काढली.

फाटलेल्या जाळीचा ढिगारा उपसताना विणकऱ्याच्या हाती उकललेले पेड लागले. त्याने विचारलं, "हे बिनटाक्यांचे दोर कुणाच्या दारातून आले?"

हौसाबाई घाईने म्हणाली, "रसच नव्हता हो गल्लीत. कुणाचा काय दोष त्यात?"

"माझ्या दारातून आले," दादबा म्हणाला. "रस नव्हता हे खरं आहे, वहिनी. पण जुना दोर होता. झिजलेला होता, तरी टाक्यांचा होता. मी अडवलं असतं तर यांनी तो कापला नसता. आणि मावशीने विचारलं, तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं."

विणकऱ्याने दाराशी ठेवलेला नवा दोर उचलून आधी स्वतःच्या हाताने ताणून बघितला. त्या दिवसापासून तो प्रत्येक दोर तसाच बघायला लागला.

तात्पर्य: राखणीला बसलेल्याने भिडेपोटी कच्चं काम सोडलं, तर घरातला रुसवा टळतो, पण त्याच्या शब्दावर पाठ टेकून बसलेल्याचा जीव जातो.