मुठीतलं रान

ऐनाच्या रानात, जिथे सकाळचं ऊन पानांतून गाळून खाली येतं आणि जमिनीवर पिवळ्या-पिवळ्या टिकल्या उमटतात, तिथे पारमी नावाची एक मुलगी होती. तिचं घर तसं गावात, विहाराच्या मागच्या आळीत. पण अळ्या झाडावर चढल्या की ती आणि तिची माय रानातच गवताच्या खोपटीत राहायच्या. कसल्या अळ्या म्हणून मधेच विचारू नका, सांगतेच आहे. कोशाच्या अळ्या. हिरव्यागार, गुबगुबीत, अंगावर चांदीचे बारीक-बारीक ठिपके. ऐनाची पानं खाऊन-खाऊन त्या फुगतात आणि मग स्वतःभोवती रेशमाचं इवलंसं घर विणतात. त्या घराला म्हणतात कोसा. कोसा चांगला झाला की पारमीच्या घरची चूल वर्षभर पेटायची.

यंदा मात्र पंचाईत झाली. पारमीच्या झाडांची पानं भराभरा संपली. नुसत्या काड्या उरल्या, आणि काड्यांवर भुकेल्या अळ्या मान वर करून बसल्या. मायने झाडं बघितली. खोपटीत जाऊन तिने एक गाठोडं बांधलं आणि खुंटीला अडकवून ठेवलं.

"कोसा नाही झाला तर मले वीटभट्टीवर जा लागते," ती म्हणाली. "लय दूर आहे ते. तू मावशीजवळ राहजो. मी आज मावशीले विचारून येतो. संध्याकाळी परत येतो."

माय गेली. पारमी त्या गाठोड्याकडे बघत बसली. तिला रडू आलं, आणि रडताना तिचं लक्ष नाल्यापलीकडे गेलं.

नाल्यापलीकडे शेवंताची झाडं होती. काय सांगू तुम्हाला, अशी हिरवीगार की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. पारमीचे मात्र निवत नव्हते. शेवंताच्या फांदीला झोका होता. शेवंताच्या केसांत लाल रिबिनी होत्या. शेवंताचा बाबा गुलेर, म्हणजे गलोल, घेऊन अळ्या टिपणारी पाखरं हाकलायचा आणि मधूनच पोरीला झोका द्यायचा. पारमीला बाबा नव्हता. शेवंता हसली की पारमीच्या आत, बरगडीखाली, काहीतरी कुरतडायचं. शेवंता गाणं म्हणायला लागली की पारमी कान झाकून घ्यायची, आणि मग बोटं जराशी उघडून ऐकायची.

तर पारमी जळकी होती. आणि पारमी चांगलीही होती. दोन्ही एकाच वेळी असता येतं, तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, उगाच इकडे-तिकडे बघू नका.

त्या दिवशी पारमी भाकर आणि गुळाचा खडा घेऊन झाडाखाली बसली, तर बुंध्यापाशी काहीतरी चमकलं. वाकून बघते तर काय, तळहाताएवढी एक चिमुकली परी. हळदीच्या रंगाचे मऊमऊ पंख, आणि प्रत्येक पंखात एक गोल, पारदर्शक खिडकी. लाल मुंग्यांनी तिला चहूबाजूंनी धरलं होतं आणि ती बिचारी फडफडत होती.

मुंग्या चिरडणं सोपं होतं. पारमीने तसं केलं नाही. तिने गूळ भाकरीवर चुरला आणि भाकर बाजूला ठेवली. जेवायला तेवढंच होतं तिच्याकडे. मुंग्यांना वास लागला, एकेक करून त्यांनी परीचे पंख सोडले आणि भाकरीकडे रांग धरली.

परीने पंख झटकले. सोनेरी भुकटी उडाली आणि पारमीला शिंक आली.

"तू मुंग्या काहून नाही मारल्या?" परीने विचारलं. ही परी त्याच रानातली, त्यामुळे बोलायचीही रानातल्या माणसांसारखीच.

"त्याईले भूक लागली होती," पारमी म्हणाली. "माह्या अळ्याईले पण लागली आहे."

परीने मान हलवली. "तुले दोन मुठी आहेत, तर दोन गोष्टी मागून घे. डोळे मिट, माग, आणि मूठ आवळ. मूठ आवळलेली राहीन तोवर मागितलेलं तुझं. मूठ उघडली की गेलं. हा पहिला नियम."

"आणि दुसरा?"

"चांगलं काय न् वाईट काय हे मले विचारायचं नाही. मी सांगतलं म्हणून मानायचं पण नाही. तूच करून पाह्यजो." एवढं बोलून परी एका काडीच्या टोकावर जाऊन बसली.

पारमीने डोळे मिटले. "मले ऐनाची झाडं पाहिजेत. शेवंताच्या झाडाईपेक्षा हिरवी." आणि उजवी मूठ आवळली.

सळसळ, सळसळ. जमिनीतून कोवळे कोंब वर आले, कोंबांची रोपं झाली, रोपांची झाडं झाली. पोपटी, शेवाळी, पाचूसारखी हिरवी पानं, आणि पानापानावर दवाचा टपोरा थेंब. पारमीच्या उघड्या-बोडक्या झाडांशेजारी रानाचा एक चमचमता तुकडा उभा राहिला. आता अळ्या त्यावर हलवल्या की झालं. कोसा होणार आणि माय कुठेच जाणार नव्हती.

शहाणी असती तर लगेच कामाला लागली असती. पण पारमीने आधी काय केलं? नाल्यापलीकडे बघितलं. शेवंताने आपलं रान बघावं, तिचं तोंड एवढंसं व्हावं, असं तिला फार-फार वाटत होतं. शेवंता पाठमोरी होती. तिचा बाबा सीताफळाचे गर काढून तिला भरवत होता, आणि ती बिया थू-थू करत खदखदून हसत होती. नव्या रानाकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही.

पारमीच्या बरगडीखाली असं कुरतडलं की तिला धड श्वास घेता येईना.

"तिचीच सारी मजा," ती पुटपुटली. "तिच्या झाडाईची पानं वाळून जाऊ दे." आणि तिने डावी मूठ आवळली.

नाल्यापलीकडची पानं पिवळी पडली, मग तपकिरी झाली, मग कुरकुर आवाज करत गळायला लागली. शेवंताचा बाबा धावतच सुटला, दुसरीकडे कुठे पाला मिळतो का बघायला. शेवंता वाळक्या झाडाला मिठी मारून हमसून-हमसून रडायला लागली.

आता पारमीला आनंद व्हायला हवा होता. जरा झालाही, खोटं कशाला बोला. गुळाच्या खड्याएवढा आनंद झाला आणि लगेच विरघळला. मग ती अळ्या हलवायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

अळी हलवायची रीत असते. अळीला हाताने ओढायचं नसतं. ती काडीला इतकी घट्ट धरते की ओढली तर तिचे पाय तुटतात आणि ती मरते. म्हणून एका हाताने काडी अलगद धरायची, दुसऱ्या हाताने विळ्याने ती कापायची, आणि अळीसकट नव्या पाल्यात नेऊन ठेवायची. पारमीला हे पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. पण तिच्या दोन्ही मुठी आवळलेल्या. उजवी उघडली तर रान जाणार, आणि डावी उघडली तर शेवंता पुन्हा हसायला लागणार.

तिने विळा दोन मुठींत धरून बघितला, तो सटकला. काडी दातांत धरून बघितली, झाड हललं आणि एक अळी टपकन खाली पडली. पारमीने ती कोपराने उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. इतकं सुंदर, लखलखतं रान हाताच्या अंतरावर, आणि तिच्या अळ्या काड्यांवर उपाशी.

"परीबाई," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "डावी मूठ मले उघडायची आहे. पण उघडत नाही."

खरंच उघडत नव्हती. बोटं जणू चिकटली होती.

परी उडत आली आणि तिने एक पंख पारमीच्या डोळ्यांसमोर धरला. "ह्या खिडकीतून स्वतःले पाह्य."

पारमीने बघितलं. तिच्या बरगडीखाली एक अळी बसली होती, काळसर हिरवी, फुगलेली, आणि कुरतडत होती. पारमी दचकली. "ओढून काढ ना तिले."

"ओढू?" परीने विचारलं.

ओढलं तर काय होतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? "नोको," ती हळूच म्हणाली. "ओढून सुटत नाही. नवं पान जवळ नेलं की ती आपणच सोडते."

"मग बस न् पाहत राह्य. पळू नोको, मारू पण नोको."

पारमी मांडी घालून बसली. माय विहारात बसायची तशी. श्वास आत येत होता, बाहेर जात होता. अळी कुरतडत होती आणि पारमी बघत होती. शेवंताचा झोका आठवला, अळीने चावा घेतला. रिबिनी आठवल्या, पुन्हा चावा. दुखत होतं, पण पारमी बघतच राहिली. मग नाल्यापलीकडून शेवंताचं रडणं आलं, आणि पारमीने यावेळी कान झाकले नाहीत. ते रडणं सकाळी गाठोडं बघून ती स्वतः रडली होती, अगदी तसंच होतं. आतल्या अळीने मान वर केली. पुढचे पाय सोडले. मग मधले. मग मागचे.

पारमीने खाली बघितलं तर डावी मूठ उघडी होती. ती केव्हा उघडली ते तिलाही कळलं नाही.

नाल्यापलीकडे हिरवा रंग परत आला. पारमी धावत तिथे गेली आणि धापा टाकत म्हणाली, "तुही पानं म्या वाळवली होती. मी जळत होतो तुह्यावर."

शेवंता काही गोष्टीतली गोग्गोड मुलगी नव्हती. तिने मातीचं ढेकूळ उचलून पारमीच्या पायावर मारलं आणि बराच वेळ फुरंगटून बसली. मग नाक पुसत म्हणाली, "मी पण तुह्यावर जळतो."

"माह्यावर? काहून?"

"तुही माय तुही वेणी घालते. बाबा रिबिन बांधते, पण त्याले जमत नाही, सुटून जाते. मले तर माय नाहीच." तिने रिबिन ओढून दाखवली. खरंच, ती लोंबत होती. इतके दिवस बघत बसली, पण पारमीला ते कधी दिसलं नव्हतं.

पारमीने रिबिन बांधून द्यायला हात पुढे केला. एकच हात. शेवंताने दुसऱ्या मुठीकडे बघितलं आणि पारमीने तिला सगळं सांगितलं, गाठोड्यासकट.

"बाबा तर कालच म्हणे, एवढा पाला उरते, पारमीच्या मायले सांगू," शेवंता म्हणाली. "तू इकडं पाहत होती दिवसभर. मांगितला काहून नाही?"

पारमीने वळून आपलं रान बघितलं, पाचूचं, दवाचं, साऱ्या रानात सगळ्यात हिरवं. ते फक्त तिचं होतं. पण अळ्या उपाशी होत्या, आणि अळ्या हलवायला दोन हात लागतात. तिने बोटं उघडली. रान एकदा सळसळलं, त्याचे हजारो हिरवे ठिपके झाले, आणि ते उन्हात मिसळून गेले.

मग दोघींनी काम सुरू केलं. एकीने काडी धरायची, दुसरीने कापायची. शेवंताचा बाबाही परतला आणि काही न विचारता हाताला लागला. अळ्या नव्या पाल्याशी येत, पान हुंगत, आणि आपणच जुनी काडी सोडून देत. संध्याकाळी माय आली, तेव्हा पारमीच्या काड्या मोकळ्या होत्या आणि नाल्यापलीकडे कुरुम-कुरुम कुरुम-कुरुम जेवण चाललं होतं. पारमी झोक्याच्या पाटावर बसून शेवंताची रिबिन बांधत होती, आणि या वेळी ती सुटली नाही.

कोसे झाले. पिवळसर, टणक, देठाला टांगलेले, फांदीफांदीला. त्या सकाळी परी पुन्हा आली.

"दोन्ही मुठी तू आपणच उघडल्या, म्हणून मुठीबिना अजून एक मागणी आहे," ती म्हणाली. "ही राहीन कायमची. मांग."

पारमीने खूप विचार केला. झोका? त्यावर ती आता रोज बसायची. रान? ते तिने सोडलंच होतं. तिने दोन्ही तळवे पुढे केले, मातीने माखलेले, रिकामे. "आता तर काही आठवत नाही, परीबाई."

परी हसली, इतकी की तिच्या चारही खिडक्या थरथरल्या. "कोणी मांगत राहीन तोवर मले इथं थांबा लागते. लय वर्षं थांबली मी. तू आज मले मोकळं केलं."

ती पारमीच्या उघड्या तळव्यावर क्षणभर टेकली. मग तिच्या पंखांच्या खिडक्यांतून ऊन आरपार आलं, हळदी, केशरी, पांढरंशुभ्र, आणि पंख दिसेनासे झाले, परी दिसेनाशी झाली, नुसता उजेड उरला. तळव्यावर थोडी सोनेरी भुकटी होती. पारमीने ती पुसलीही नाही आणि जपूनही ठेवली नाही.

आतली ती अळी परत कधी आली नाही, असं मी सांगणार नाही. शेवंताने झोक्यावर जरा जास्त वेळ काढला की ती येते. मग पारमी मांडी घालून बसते आणि तिला बघते, आणि ती सोडून जाते.

पण तो उजेड विरल्यावर पारमी खोपटीत धावली, तेव्हा माय खुंटीवरचं गाठोडं खाली काढत होती. गाठ घट्ट बसली होती. मायने ती सावकाश सोडवली. आत तिचं एक लुगडं होतं, आणि लुगड्याच्या घडीत पारमीचा लहानपणीचा फाटका झगा.

"हा कशाले घेतला होता?" पारमीने विचारलं.

"तिकडं झोप नसती आली मले," माय म्हणाली, आणि झगा दोरीवर उन्हात टाकायला बाहेर गेली.