खैरवण्याच्या लखूचा सूर

डोंगरात अजून गाडीवाट झाली नव्हती, आणि मिठासाठी माणसं डोईवर ओझं घेऊन घाट उतरत खाडीपर्यंत जायची, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या आजीनं तिच्या आजीकडून ऐकलेली, आणि त्या आजीनं कुणाकडून ऐकली ते कुणालाच ठाऊक नाही.

त्या काळी खैरवणे गावात लखू घडशी नावाचा सनईवाला राहायचा. वाघजाईच्या देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायची, हे त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. त्याची बायको तरुणपणीच गेली होती, पोरबाळ नव्हतं. अंगानं काटकुळा, बोलायला कमी. पण सनई ओठाला लावली की रानातली वानरंसुद्धा फांदीवर स्तब्ध बसून राहायची, असं म्हणतात.

लखूच्या चाली ठरलेल्या नव्हत्या. आंब्याला मोहोर धरला की एक चाल, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या चिखलात एक, खळ्यावर मळणी सुरू झाली की एक. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाच्या दारातून लेक सासरी निघाली, की लखू त्या दिवसाची म्हणून एक चाल बांधायचा आणि पुढं दर वर्षी त्या दिवशी देवळाच्या पायरीवर बसून तीच वाजवायचा. गावात घड्याळ नव्हतं, पंचांग एकट्या भटजींकडे. पण पहाटे सनई ऐकली की चुलीपुढं बसलेली बाई सांगायची, "आज आपल्या थोरल्याचा जन्मदिवस, बरं का." ज्याची त्याची चाल ज्याला त्याला पाठ.

अशा गावात आवडी सून म्हणून आली.

आवडीचं माहेर खाडीकाठचं, कांदळी बंदर. बाप होडीवर. घरात माशांचा, मिठाचा, ओल्या दोरखंडाचा वास. आणि इथं चहूकडं डोंगर. नवरा सखोबा भला माणूस होता, पण दिवसभर शेतात. आवडीला इथली नाचणीची भाकरी जमेना, इथली बोली कळेना, आणि सकाळी उठून बाहेर पाहिलं की पाणी दिसेना. ती पाणवठ्यावर जायची, घागर बुडवायची आणि एक चाल गुणगुणायची. तिच्या बापाची माणसं भरतीला होडी लोटताना म्हणायची, ती. पण गंमत अशी, की अर्ध्यावर आली की तिचा गळा दाटायचा आणि चाल तिथंच तुटायची. रोज त्याच जागी.

देवळाच्या पायरीवरून लखू हे रोज ऐकत होता. त्याच्या कानात ती अर्धी चाल काट्यासारखी रुतून बसली. पुढचं काय असेल ते त्यानं सनईवर शोधून पाहिलं, पण जुळेना. मग एक दिवस देवळात सनई वाजलीच नाही. लोक म्हणाले, लखू कुठं गेला? कुणालाच माहीत नव्हतं.

लखू घाट उतरून कांदळी बंदराला गेला होता. तिथं वाळूवर बसून राहिला. भरती आली, होड्या लोटल्या गेल्या, माणसांनी चाल धरली आणि लखूनं ती पुरती कानात भरून घेतली. कुणी विचारलं, "पाव्हणे, कुणाकडे आलात?" तर म्हणाला, "कुणाकडे नाही. उरलेली अर्धी चाल न्यायला आलोय." माणसं हसली. त्यांनी त्याला जेवू घातलं आणि चाल पुन्हा एकदा म्हणून दाखवली.

लखू परतला त्या पहाटे आवडी चुलीपुढं भाकरी थापत होती. देवळातून सनई उठली. आवडीचा हात थबकला. तिच्या बापाची चाल! ती तुटायच्या जागेपाशी आली, पण सनई थांबली नाही. ती पुढं गेली, लाटेवर चढली, उतरली, आणि होडी अलगद पाण्यात सुटावी तशी सुटली. आवडी रडली, पण हे रडणं वेगळं होतं. तव्यावरची भाकरी पार करपून गेली. सासूनं धूर पाहिला, सुनेचं तोंड पाहिलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "असू दे गो. आजची भाकरी लखूच्या नावाची."

त्या दिवसापासून आवडी खैरवण्याची झाली. आणि नवल असं, की पुढं कधीही ती चाल कानी पडली की तिला खाडी आठवेना. तिला आठवायची ती सकाळ, तो करपलेल्या नाचणीचा वास, आणि सासूचा पाठीवर आलेला हात. माहेरची चाल अशी सासरची होऊन गेली.

वर्षं गेली. आवडीची मुलं मोठी झाली, त्यांच्या चाली झाल्या. सासू गेली, तिचीही चाल झाली. लखूचे केस पांढरे झाले. आवडी त्याला बाबा म्हणायची, आणि घरात काही गोडधोड झालं की पहिली वाटी देवळाकडे जायची.

मग एका माघात विचित्र गोष्ट घडली. आंब्याला मोहोर आला, लखू पायरीवर बसला, सनई ओठाला लावली, आणि मोहोराची चाल त्याला आठवली नाही. त्यानं बोटं फिरवली, डोळे मिटले, पुन्हा फुंकर घातली. नाहीच. तो सनई मांडीवर ठेवून तसाच बसून राहिला.

असं म्हणतात, की त्या वर्षी मोहोर सगळ्या झाडांवर लदलदला, पण गावात कुणालाही त्याचा वास आला नाही. माणसं आंब्याखालून जायची, वर बघायची आणि म्हणायची, "फुललाय खरा. पण आल्यासारखा वाटत नाही."

पुढं एकेक चाल गळत गेली. आवणीची गेली, त्या वर्षी बायका मुक्यानं चिखलात वाकल्या आणि मुक्यानंच उठल्या. कुणाच्या लेकीच्या पाठवणीची गेली. हरबा कुंभार आपल्या गेलेल्या बापाच्या दिवशी पहाटे उठून कान देऊन बसला, सनई आली नाही, आणि दिवस मावळायला लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बापाचा चेहरा डोळ्यांपुढं येत नाहीये. तो घाबरून बायकोला म्हणाला, "अगं, त्याच्या गालावर तीळ होता का गं?"

काही लोक म्हणाले, म्हातारा चळला. देवळाला दुसरा सनईवाला बघा. आवडी कडाडली, "त्यानं तुमच्या घरचे दिवस एवढी वर्षं सांभाळले. आता त्याचे चार दिवस तुम्हाला जड झाले?" मग दुसऱ्या सनईवाल्याचं नाव कुणी काढलं नाही. आवडी दोन्ही वेळा त्याला भाकरी घेऊन जायची. तो तिच्याकडं पाहायचा, हसायचा आणि विचारायचा, "तू कुणाची गो पोरी?" ती सांगायची, "तुमचीच, बाबा." तो मान डोलवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि कार्तिकातल्या एका सकाळी आवडी भाकरी घेऊन गेली, तर पायरीवर नुसती सनई. लखू नाही.

खैरवण्याच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. तिथं चकवा आहे, हे पोराटोरांनाही ठाऊक. चकवा लागला की माणूस चालत राहतो, वाट सरत नाही आणि फिरून फिरून त्याच जागी येतो. लखूच्या काठीच्या खुणा त्या माळाकडंच गेल्या होत्या. गाव धावलं. माळावर दाट धुकं उतरलं होतं, हाताचा पंजा दिसेना. दिवस वर आला तरी ते हलेना. माणसं हाका मारू लागली, "लखूऽऽ! लखूबाबाऽऽ!" हाका धुक्यात बुडून जात होत्या.

गावातली सगळ्यांत जुनी बाई भागाई काठी टेकत तिथं येऊन पोचली होती. ती म्हणाली, "ओरडून घसे कशाला फोडता? चकवा लागलेल्याला त्याच्या नावाची हाक ऐकू येत नाही. आणि लखूला तर त्याचं नाव आधीच आठवत नव्हतं."

आवडी माळाच्या कडेशी उभी होती. हातात अजून भाकरीचं फडकं तसंच. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं आपल्या बापाची होडीची चाल गुणगुणायला सुरुवात केली. आधी ओठांत, मग मोठ्यानं. तुटायची जागा आली, पण तिनं चाल सोडली नाही. धुक्याला सांगितल्यासारखी पुढं नेली, पार शेवटापर्यंत. तेव्हा धुकं किंचित हललं आणि त्यातून खाऱ्या पाण्याचा वास आला. डोंगरावर, खाडीपासून एवढ्या लांब. सगळ्यांना आला, असं म्हणतात.

मग कुणाला धीर निघतो? ज्यानं त्यानं आपली चाल सुरू केली. कुणी लेकीची, कुणी मळणीची, कुणी बारशाची. एकच कालवा उसळला. धुकं पुन्हा आवळलं. भागाईनं काठी आपटली.

"अरे, हा काय शिमगा आहे? सनईच्या मागं एकजण नुसता सूर धरून बसतो, तो पाहिला नाही का कधी? एकानं म्हणा, बाकीच्यांनी सूर धरा!"

मग गावानं तोंडं मिटली आणि सूर धरला. बाप्ये, बाया, पोरं, सगळ्यांचा मिळून एक सूर. जमिनीतून आल्यासारखा. आणि त्या सुरावर एकेका घरानं आपली चाल म्हटली, वर्ष जसं पुढं सरकतं तसतशी. चैत्रातल्या लग्नाची म्हटली तेव्हा पायांखालची माती उन्हाळ्यासारखी तापली. आवणीची म्हटली तेव्हा बायकांची पावलं घोट्यापर्यंत ओली झाली. भागाईनं आपल्या गेलेल्या नवऱ्याची मळणीची चाल म्हटली, पडलेल्या दातांतून, मध्ये मध्ये दम घेत, आणि तिच्या पदरावर भाताचं तूस उडून पडलं. हरबा कुंभाराला बापाच्या दिवसाची चाल आठवत होती की नव्हती, पण सुरावर तोंड उघडलं आणि ती आपोआप आली. म्हणता म्हणता तो मध्येच ओरडला, "डाव्या गालावर! डाव्या गालावर होता तीळ!"

असं करत करत वर्ष माघापर्यंत आलं. आणि तिथं सगळे अडले. मोहोराची चाल कुणालाच येईना. ती लखूनं सगळ्यांत आधी हरवली होती, आणि त्याच्याबरोबर गावानंही. आवडीनं आठवून पाहिलं, सखोबानं पाहिलं, भागाईनं मान हलवली. कुणाकडे काही नव्हतं. उरला नुसता सूर. कुणीतरी थांबणार, एवढ्यात आवडी हातानंच म्हणाली, सोडू नका.

गाव सूर धरून उभं राहिलं. छाती भरून, श्वास आळीपाळीनं घेत. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही.

आणि मग धुक्याच्या आतून एक आवाज आला. म्हातारा, चिरका, थरथरता. गावानं धरलेल्या सुरावर तो मोहोराची चाल म्हणत होता. चाल जवळ जवळ येत गेली. धुकं दोन्ही बाजूंनी दुभंगलं आणि लखू चालत बाहेर आला. पाय चिखलानं माखलेले, खांद्यावर तूस, आणि पांढऱ्या केसांत आंब्याचा मोहोर अडकलेला. कार्तिकात! त्याच क्षणी माळावरचा जुना आंबा शेंड्यापासून बुंध्यापर्यंत फुलला आणि त्या वासानं सगळं गाव भरून गेलं. मागच्या साऱ्या वर्षांचा राहिलेला वास त्या एका सकाळी आला, असं म्हणतात. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती, रडत होती.

लखू आवडीपुढं येऊन उभा राहिला. तिनं विचारलं, "बाबा, ओळखलंत का?"

त्यानं तिच्या हातातल्या फडक्याला हात लावला. मग म्हणाला, "तू करपलेल्या भाकरीची." आणि गावाकडं वळून हात जोडले. "सूर धरलात. बरं केलंत."

त्यानंतर लखूनं सनई वाजवली नाही. बोटांत जोर राहिला नव्हता. पुढं तो पुष्कळ जगला, नावं विसरायचा, वाट विसरायचा, पण आता त्याला कुणी एकटं सोडलं नाही. ज्या घरचा दिवस असेल ते घर पहाटे पायरीवर यायचं, त्याच्यापुढं बसून आपली चाल म्हणायचं, आणि तो डोळे मिटून ऐकायचा. कधी म्हणायचा, "जरा चढा धरलात." पण हसून. तो गेला तेव्हा आवडीच्या पडवीत होता आणि बाहेर बायका सूर धरून बसल्या होत्या. सूर केव्हा थांबवायचा, हे कुणाला कळलं नाही म्हणतात.

मोहोराची ती चाल मात्र गावाला पुन्हा सापडली नाही, आणि लखूलाही पुन्हा आठवली नाही. माळावर ऐकताना प्रत्येकाला ती पाठ झाल्यासारखी वाटली होती, आणि घराच्या उंबऱ्याशी येईपर्यंत ती प्रत्येकाच्या ओठांवरून पुसून गेली होती.

आजही कार्तिकात, भात घरात आलं की खैरवणे गाव त्या माळावर जातं. त्या वर्षी गावात आलेली नवी सून आधी आपल्या माहेरची चाल म्हणते आणि ती गावाची होते. मुंबई-पुण्याला गेलेल्यांना घरचे फोन लावून देतात, आणि ते तिकडून, कारखान्याच्या दारात नाहीतर जिन्यात उभे राहून, सूर धरतात. एकेक घर आपली चाल म्हणत जातं. माघाची वेळ आली की म्हणणारं कुणी नसतं. तेव्हा सगळे नुसता सूर धरतात आणि ती जागा लखूसाठी मोकळी ठेवतात.

खाली उतरल्यावर नव्या तांदळाची पेज होते आणि पहिली वाटी नव्या सुनेला मिळते. आणि त्या गावात आभार मानायची रीत अशी आहे: कुणी अडीनडीला धावून आलं, कुणाच्या दुखण्यात उशाशी बसलं, कुणी परक्या पोरीला आपलं म्हटलं, की म्हातारी माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवतात आणि एवढंच म्हणतात, "सूर धरलास, बाळा. बरं केलंस."