न कापलेले पाणकणीस

फार पूर्वी, काशीदेशात एक न्यायी राजा राज्य करीत होता त्या काळी, बोधिसत्त्व राजधानीबाहेरच्या एका गृहपतीच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सुतीर. वडिलांच्या मागे त्याच्या वाट्याला एक पाणथळ आली. गुडघाभर पाणी, खाली चिखल आणि काठाने उंच वाढलेले पाणकणीस नावाचे पाणगवत. हिवाळा लागला की उत्तरेकडून हंस येत आणि थंडी सरेपर्यंत तिथेच राहत.

वडील दर हिवाळ्यात पाण्यात उतरून अर्धे पाणकणीस कापीत. विळा पाण्याखाली घालून बुडातून कापायचे, म्हणजे खुंट पाण्यात कुजतो आणि पुन्हा फुटत नाही, अशी त्यांची रीत होती. उरलेले अर्धे पाखरांच्या आडोशाला ठेवीत. कापलेल्याच्या चटया विणून विकल्या जात. सुतीराला वाटे, हा सगळा चटयांचा लोभ. त्याचे मन फार मऊ होते, कापताना पाणकणसालाही दुखत असेल असे त्याला वाटे; आणि मऊ मनाच्या माणसाला आपलेच खरे वाटायला वेळ लागत नाही.

वडील गेल्यावर त्याने विळा आढ्याला खोचून ठेवला. "या पाण्यात यापुढे शस्त्र चालणार नाही," तो म्हणाला.

"अहो, मामंजी उगीच का थंडीत कुडकुडत होते?" त्याची पत्नी कुमुदा म्हणाली. "त्यांना काहीतरी दिसत असेल."

सुतीर नुसता हसला.

काही हिवाळे गेले. पाणकणीस काठावरून मध्यापर्यंत सरकत आले, आणि एका वर्षी वरून पाहणाऱ्याला पाणी दिसेनासे झाले. त्या हिवाळ्यात हंस आले ते थकून भागून आले. थवा पाणथळीवर घिरट्या घालीत राहिला. उतरायला जागाच नव्हती. शेवटी तो शेजारच्या डबक्यावर उतरला. तिथे गुल्मक नावाच्या व्याधाने जाळे लावले होते.

सुतीर धावत गेला तेव्हा थव्याचा म्हातारा म्होरक्या मान टाकून पडला होता. त्याला उराशी धरून सुतीर रडू लागला. "अरे, काय केलंस हे!"

"मला काय विचारता, धनी?" गुल्मक जाळे गुंडाळत म्हणाला. "जाळं मी दरसाल लावतो, दरसाल रिकामं निघतं. तुमचं पाणी उघडं असतं, तर ही पाखरं माझ्या डबक्यात कशाला मरायला आली असती?"

घरी येऊन सुतीराने आढ्याचा विळा काढला आणि तो पाण्यात उतरला. इतक्या वर्षांची मुळे एकमेकांत गुंतून बसली होती. पाणी हाडांपर्यंत झोंबत होते.

"मजूर लावा हो," कुमुदा काठावरून विनवी.

"लावीन. पण पाणी मी बुजवलंय, कुमुदे. सुरुवात मला करू दे."

गुल्मक रोज काठावर बसून पाहत असे. एका सकाळी तोही विळा घेऊन पाण्यात उतरला. हिवाळा सरता सरता मधले पाणी उघडे झाले, पण सुतीराच्या छातीत जी थंडी बसली ती काही निघाली नाही. पुढचा हिवाळा लागला तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. रोज सकाळी तो विचारी, "आले का गं?" आणि कुमुदा म्हणे, "येतील." एका सकाळी त्याने विचारले नाही.

चितेची राख निवल्यावर हंस आले. थवा लहान होता. तो उघड्या पाण्यावर अलगद उतरला. ते पाहून कुमुदेने काठावर हंबरडा फोडला. गुल्मकाने जाळे जाळून टाकले आणि मरेपर्यंत दर हिवाळ्यात तो ते पाणी उघडे ठेवीत राहिला.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, एका रडणाऱ्या भिक्षूला सांगितली. त्याच्या सोबत्याची जखम चिघळली होती. धुताना तो ओरडे, म्हणून दया येऊन भिक्षूने धुणे सोडले, आणि सोबती गेला.

शास्ता म्हणाला, "म्हातारा हंस म्हणजे तुझा सोबती. कुमुदा म्हणजे विहारात रोज ऊन पाणी आणून देणारी उपासिका. गुल्मक तू होतास."

"आणि सुतीर, भगवन्?"

"तो मी. दुखेल म्हणून न कापणारा मीच होतो. शेजारच्या कोठडीत आणखी एक आजारी कण्हतो आहे. पाणी तापले आहे, भिक्षू."

भिक्षू डोळे पुसून उठला. दया आल्यावर थंड पाण्यात उतरायला जे बळ लागते, त्यालाच वीर्यपारमिता, म्हणजे उद्यमाची परिपूर्णता, म्हणतात.